हाड भरून येईपर्यंत

सोसायटीच्या वार्षिक सभेत मी पाण्याच्या टाकीविषयी दोन शब्द बोलायला उभा राहिलो आणि दुसऱ्याच शब्दाला माझा पुढचा दात तोंडातून सुटून अध्यक्षांच्या चहात पडला. दात खोटा होता, हे आधीच सांगितलेलं बरं. तारेच्या आकड्यावर अडकवायचा, रात्री काढून वाटीत ठेवायचा, असा एकुलता एक दात. पण खरं-खोटं करत बसायला सभेला वेळ नव्हता. अध्यक्षांनी कपात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि "आपला मुद्दा नोंदवून घेतला आहे" असं म्हणून पुढचा विषय पुकारला. त्या सोसायटीत माझा नोंदवला गेलेला तेवढाच मुद्दा.

घरी येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. अहो, आयुष्यभर वजनमापं खात्यात नोकरी केलेला माणूस मी. मी दुकानात पाऊल टाकलं की तराजूमागचा माणूस उठून उभा राहायचा. भल्याभल्यांची वजनं मी तळाचं शिसं कोरून काढलंय का म्हणून उलटी करून पाहिली आहेत. अशा माणसाने चारचौघांत चहात बोट घालून स्वतःचा दात बाहेर काढायचा, आणि वर "माफ करा" म्हणायचं? त्यातही "माफ" म्हणताना वारा सुटला, आणि मागच्या रांगेतलं कोणीतरी खोकल्यासारखं हसलं.

"आता पक्का दात बसवायचा," मी हिला सांगितलं. "थेट हाडात स्क्रू घालून. कायमचा."

"किती वेळ लागतो त्याला?"

"एक दुपार."

हे मला कोणी सांगितलं होतं देव जाणे. घरातलं कुठलंही काम मी एका दुपारचं धरतो. न्हाणीघराची गळतीही मी एका दुपारचीच धरली होती, आणि मग सबंध उन्हाळा आम्ही टॉवेल खांद्यावर टाकून वरच्या मजल्यावर काकूंकडे अंघोळीला जात होतो. हिने टॉवेलांच्या कप्प्याकडे पाहिलं.

दातांच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण नजर खात्यातल्या जुन्या तपासनिसाची. त्यांनी मला एका यंत्रात हनुवटी टेकवून उभं केलं, यंत्र माझ्या डोक्याभोवती एक गंभीर फेरी मारून आलं, आणि पडद्यावर माझी कवटी उमटली. बाईंनी पेन्सिलीचं टोक पुढच्या रिकाम्या जागेवर ठेवलं.

"इथे हाडच नाहीये."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे होतं, गेलं. दात पडला ना, की तिथल्या हाडाला काही काम उरत नाही. मग शरीर ते हळूहळू काढून घेतं. तुमच्या इथे नुसती पातळ कड राहिलीय. तिच्यात स्क्रू धरणार नाही. आधी हाड भरावं लागेल, ते मुरायला काही महिने जातील, आणि मग दात."

मी निवृत्त माणूस. काम उरलं नाही की काढून घेतात हे मला नवं नव्हतं. खात्याने आधी टेबल घेतलं, मग शिक्का घेतला, मग ओळखपत्र. पण हे प्रकरण माझ्या नकळत जबड्यापर्यंत पोचलं असेल असं वाटलं नव्हतं.

"दात कधी गेला?" बाईंनी विचारलं.

"झाली काही वर्षं."

"भाऊजींशी यांचं बोलणं बंद झालं तेव्हा," मागे बसलेली ही म्हणाली. "त्याच दिवशी."

बाईंची पेन्सिल थांबली. हे केसपेपरवर कुठल्या रकान्यात लिहायचं ते त्यांना सुचेना.

आता विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. दादा माझा थोरला भाऊ. वडील गेल्यावर त्यांचं सागवानी कपाट दादाने आपणहून मला दिलं. "तुला हवं होतं ना चिमण्या, ने," म्हणाला. चिमण्या म्हणजे मी. आज माझं वजन किती आहे ते विचारू नका, पण दादाच्या तोंडी मी चिमण्याच. तर ते कपाट आम्ही दोघं त्याच्या घरच्या जिन्यावरून उतरवत होतो. तो वर, मी खाली. वळणावर कपाट सुटलं आणि त्याचा कोपरा माझ्या तोंडावर आला.

कपाट दादाने सोडलं.

दादाचं म्हणणं, मी सोडलं. तो आयुष्यभर नकाशे काढत आलेला माणूस. त्याच्या मते त्या वळणावर वरच्या माणसाला कपाट सोडताच येत नाही, कोनच तसा नाही. माझ्या मते उतरत्या वस्तूचा सगळा भार खालच्यावर येतो, आणि ज्याच्या छातीवर भार आहे तो सोडून जाईल कुठे? मी तोंडाला रुमाल लावून "तू सोडलंस" म्हणालो. तो पायऱ्यांवर गुडघे टेकून म्हणाला, "आधी दात शोधू, मग भांडू." दात काही सापडला नाही. भांडण मात्र झालं, आणि तेव्हापासून बोलणं बंद.

त्याचं घर चालत जाण्यासारखं आहे. रस्त्यात समोरून तो दिसला की मी चपलांच्या दुकानात शिरतो आणि तो औषधांच्या. त्यामुळे आमच्याकडे गरजेपेक्षा बऱ्याच जास्त चपला आहेत, आणि दादाकडे काय साठलं असेल त्याची काळजी वाटते. कपाट आमच्या झोपायच्या खोलीत आहे. पडल्यापासून त्याचं एक दार लागत नाही, म्हणून सुतळीने बांधलेलं असतं. रोज सकाळी ती सुतळी सोडताना मला दादाची आठवण येते. रागाने येते, पण येते. खोटं कशाला बोलू?

तर हाड. बाईंनी माझ्यापुढे पर्याय ठेवले. माझंच हाड जबड्याच्या मागच्या बाजूने काढून पुढे लावता येतं. दुसऱ्या माणसाचं चालतं. प्राण्याचंही चालतं.

"कुठल्या प्राण्याचं?" हिने विचारलं.

"बहुधा बैलाचं."

"मग घरात फारसा फरक कळणार नाही," ही म्हणाली.

नाहीतर कारखान्यात तयार केलेलं. मी तिथल्या तिथे कारखान्याचं निवडलं. कोणाचे उपकार नकोत, कोणाची आठवण नको. सीलबंद माल, वर कारखान्याचा शिक्का. माझ्या खात्याला शोभेलसं हाड.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण जिन्यात वरच्या काकू भेटल्या. या काकूंनी एक गुडघा बदलून घेतला आहे, आणि तेव्हापासून शरीरातल्या कुठल्याही हाडावर त्यांचा शब्द अखेरचा असतो. त्यांनी "काय म्हणाले डॉक्टर?" असं विचारलं, आणि मी आपला माहितीसाठी म्हणून सगळे पर्याय सांगितले. हीच माझी चूक.

"दुसऱ्याचं चालतं ना? मग रक्ताच्या नात्यातलंच घ्या," काकू म्हणाल्या. "परक्याचं शरीर धरत नाही. माझ्या मावसभावाच्या किडनीच्या वेळी पाहिलंय मी."

"काकू, ही किडनी नाही, आणि मी कारखान्याचं..."

"कारखान्याचं! आणि हिवाळ्यात दुखायला लागलं म्हणजे? सख्खा भाऊ आहे ना तुम्हाला?"

समोरच्या दारातून प्राध्यापक बाहेर आले. ते कसले प्राध्यापक होते ते आम्हाला आजवर कळलेलं नाही, पण कुठल्याही विषयावर ते पहिल्या वाक्यापासून बोलू शकतात. त्यांनी हाड हे मुळात मृत की सजीव यावर चर्चा सुरू केली. काकू म्हणाल्या, सजीव, माझा गुडघा विचारा. प्राध्यापक म्हणाले, तुमचा गुडघा तर धातूचा आहे. त्यांचं जुंपलं, आणि मी त्या गडबडीत घरात शिरलो. दुसऱ्या दिवशी काकू बाजारात गेल्या होत्या, आणि बाजारात दादाही जातो, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

मधल्या काळात मी निवृत्तांच्या आरोग्य योजनेच्या कार्यालयात गेलो. दातांच्या खिडकीवरच्या गृहस्थांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "हाड आमच्याकडे येत नाही. हाडांची खिडकी पलीकडे." पलीकडच्या गृहस्थांनी विचारलं, "हाड कुठलं?" मी जबडा दाखवला. "आ करा," ते म्हणाले. मी त्या भरल्या कार्यालयात खिडकीला तोंड लावून आ केला. "हे तोंडात आहे. तोंड दातांकडे." मी परत पहिल्या खिडकीकडे. असा मी बराच वेळ आपलं तोंड घेऊन दोन खिडक्यांमध्ये येरझारा घालत होतो. शेवटी दोघांनी मिळून मला आतल्या साहेबांपुढे उभं केलं.

साहेब भले होते. म्हणाले, "अपघातात गेलेला दात असेल तर करता येईल काहीतरी. अपघात पाहिलेला कोणी आहे?"

"आहे एक."

"त्याच्याकडून या कागदावर एवढंच लिहून आणा, 'माझ्यासमोर घडलं'. खाली सही."

"दुसऱ्या कोणाची चालणार नाही?"

"दुसरं कोणी होतं का जिन्यात?"

मी कागद घडी करून खिशात घातला आणि घरी येऊन जाहीर केलं की मी बोळक्या तोंडाने मरेन, पण दादाकडे सही मागायला जाणार नाही. आणि मागितली तरी तो काय लिहील? 'माझ्यासमोर घडलं, आणि त्याच्याच चुकीने घडलं.' सोबत जिन्याचा नकाशा जोडेल, तीन बाजूंनी काढलेला.

हिने ऐकून घेतलं आणि वहिनीला फोन लावला. या दोघींचं भांडण कधीच नव्हतं. आमच्या भांडणाची त्यांनी एकमेकींकडे चौकशी मात्र नियमित केली. फोन लवकर संपला.

"मी काही सांगायच्या आतच वहिनी म्हणाल्या, 'आम्हाला कळलंय सगळं. हे तयार आहेत. कधी यायचं तेवढं सांग.' मी दिवस सांगितला."

"तयार आहे?" मी म्हणालो. "काही अट न घालता?"

"रडत होत्या वहिनी."

एका सहीसाठी रडायचं काय होतं ते मला कळेना. पण दादा तयार झाला, म्हणजे माघार त्याने घेतली, या विचाराने मला त्या दिवशी जेवण गोड लागलं. मी नवा शर्ट इस्त्री करायला दिला.

ठरलेल्या दिवशी बाईंनी माझ्या हिरडीत सुया टोचल्या आणि जागा बधिर होईपर्यंत बाहेर बसायला सांगितलं. वरचा ओठ माझा राहिला नव्हता. खोटा दात पिशवीत होता. अशा अवस्थेत मी ताठ बसलो असताना दार उघडून दादा आणि वहिनी आत आले.

मी त्याला इतक्या जवळून पाहून किती काळ लोटला होता! केस पार पांढरे झालेले. गळ्याशी शर्ट सैल. हातात एक भलीमोठी पिशवी, एखाद्या मुक्कामाला निघाल्यासारखी. पण मी कर्तव्याला चुकणारा माणूस नाही. मी खिशातून कागद काढला, मधल्या तिवईवर ठेवला आणि भिंतीकडे बघत हिला म्हणालो, "हांना हणाव, ही इहे."

"सही इथे करायची म्हणतायत," हिने सांगितलं.

दादाने छताकडे बघत वहिनीला सांगितलं, "त्याला म्हणावं सह्या काय करायच्या त्या मागाहून. आधी आतलं उरकू दे. मला चक्कर यायच्या आत."

एवढ्यात नर्सने मला आत बोलावलं. मी उठलो, आणि दादाही उठला.

"तुम्ही कुठे, आजोबा?" नर्सने विचारलं.

"मी देणारा," दादा म्हणाला.

"काय देणारा?"

"हाड."

दादाने पिशवीतून एकेक वस्तू काढून तिवईवर ठेवली. रक्ताचा रिपोर्ट. छातीचा फोटो. घालायला सैल पायजमा. आणि शेवटी एक गुंडाळी, ती त्याने उलगडून धरली. स्वच्छ रेषांत काढलेला स्वतःच्या कमरेचा नकाशा होता तो, उजव्या बाजूला बाण केलेला.

"कमरेतून घेतात असं ऐकलंय," तो म्हणाला. "डाव्या बाजूला माझं दुखणं आहे, तिथलं हाड त्याला नको. उजव्या बाजूचं घ्या, ते चांगलं आहे. सकाळपासून पाणीसुद्धा प्यायलो नाही."

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी नकाशा नीट पाहिला. मग आत जाऊन एक चिमुकली बाटली घेऊन आल्या. तळाशी जाड मिठासारखी पांढरी पूड होती.

"काका, एवढंच लागतं. हे कारखान्यातून येतं. कोणाचं काढावं लागत नाही."

दादाने बाटली हातात घेतली, उजेडाकडे धरली, परत दिली. "एवढंच?" तो म्हणाला. मग त्याची नजर तिवईवरच्या कागदावर गेली. चष्मा नसल्यामुळे त्याने कागद हातभर लांब धरून वाचला. वाचून होईपर्यंत त्याचे कान लाल झाले. लहानपणापासून त्याचे कानच आधी लाल होतात.

"म्हणजे मला या सहीसाठी बोलावलंत," तो म्हणाला. आणि मग वहिनीकडे नाही, छताकडे नाही, सरळ माझ्याकडे पाहून म्हणाला, "मला वाटलं तुला माझी गरज आहे."

त्याने नकाशा गुंडाळायला घेतला. गुंडाळी नीट होईना. पायजमा पिशवीत कोंबला आणि तो दाराकडे निघाला. इतक्या वर्षांची माझी भाषणं तयार होती. कोन, भार, छाती, वळण, सगळं पाठ होतं. त्यातलं एकही कामाचं नव्हतं. हा मनुष्य माझ्यासाठी कंबर फोडून घ्यायला उपाशीपोटी आला होता, आणि तो आता दाराबाहेर गेला की पुन्हा आयुष्यभर औषधांच्या दुकानात शिरणार होता. मी सगळा जोर लावून ओरडलो. ओरडलो ते "थांब" असं, पण ओठ जाग्यावर नसल्याने बाहेर आला तो नुसता गुरासारखा हंबरडा.

दादा थांबला. "काय झालं त्याला?"

"थांबा म्हणतायत," वहिनी म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते सुयांचं होतं असं मी नंतर हिला सांगितलं. दादा परत येऊन खुर्चीवर बसला. "थांबतो," तो म्हणाला. "पण सही करणार नाही." नर्सने त्याला बिस्किटं आणून दिली.

आतल्या कामाचं वर्णन करत नाही. बाईंनी हिरडी उघडली, ती पूड माझ्या रक्तात कालवून जागेवर भरली, वरून पातळ पडदा टाकला आणि टाके घातले. शिंपिणीसारखे सफाईदार हात. मग सूचना. ओठ उचलून आरशात बघायचं नाही. थुंकायचं नाही. मोठ्याने हसायचं नाही, टाके ताणतात. आणि दोन-तीन दिवस शक्यतो बोलायचं नाही.

परतताना गाडीत दादा माझ्या शेजारी बसला. तोंडात बोळा दाबून मी गप्प. गाडी सुरू होताच त्याने घसा साफ केला.

"तुला बोलायला बंदी आहे ना? बरं झालं. मग आता ऐक. त्या वळणावर वरच्या माणसाचे हात कुठे असतात?"

आणि त्याने सुरुवात केली. सगळा रस्ता तो बोलत होता. इतक्या वर्षांत त्याने मुद्द्यांवर केवढी मेहनत घेतली होती! पायऱ्यांची उंची, कठड्याचा अडथळा, कपाटाचा मध्यबिंदू. मी भुवयांनी विरोध नोंदवत होतो. पण भुवयांना भार आणि कोन यांतला फरक सांगता येत नाही. बंदुकीचा परवाना एकालाच आणि दुसरा निःशस्त्र, असला तो सामना होता. घर आलं तेव्हा तो मुद्द्यांच्या मध्यावर होता, त्यामुळे आत यावं लागलं.

झोपायच्या खोलीत त्याने ते कपाट पाहिलं. सुतळीला हात लावला. "दार लागत नाही होय," म्हणाला. "तेव्हापासून?" मी मान हलवली. तो घरी गेला, आणि दुसऱ्या दिवशी हत्यारांची पेटी घेऊन हजर झाला.

मग तो रोज येऊ लागला. बिजागरी गंजली होती, ती मिळेना. मिळाली तर भोकं जुळेनात. काम करताना तोंड चालू. त्याच्या पायाखालची पायरी, माझ्या पायाखालची पायरी, सगळं पुन्हा पहिल्यापासून. एके दिवशी त्याने प्रत्यक्ष करूनच दाखवायचं ठरवलं. प्राध्यापक वर्तमानपत्र मागायला आले होते, त्यांना त्याने कपाट केलं. "हात जवळ घ्या. दारं मिटलेली असतात." काकू चौकशीला आल्या होत्या, त्या कठडा झाल्या. मला पुढे उभं केलं आणि त्याने प्राध्यापकांना काखेत धरून माझ्यावर कलतं केलं.

"कपाटाला मत मांडता येतं का?" प्राध्यापकांनी तिरपं राहून विचारलं.

"नाही."

"मग माझ्या मते हे कपाट दोघांनाही झेपणारं नव्हतं."

"कठडा हलतोय हो," दादा काकूंना म्हणाला.

"गुडघा धातूचा आहे, हलणारच."

मला हसायची बंदी. मी नाक धरलं, बायकोकडे पाठ केली, वडिलांचं शेवटचं आजारपण आठवलं. वडिलांच्या आठवणीनेच जास्त हसू यायला लागलं, कारण कपाट उतरवायला हमाल बोलवा असं ते जिवंतपणी शंभरदा सांगून गेले होते. मी तसाच न्हाणीघरात पळालो.

टाके निघाले. बाईंनी माझा ओठ वर करून पाहिलं आणि समाधानाने म्हणाल्या, "छान बसलंय. आता त्याला हलवू नका, त्याचं त्याला मुरू द्या. बोलायला अजिबात हरकत नाही."

पण मी बोललो नाही. म्हणजे हिच्याशी बोलत होतो. दादाची चाहूल लागली की ओठांवर बोट.

"अहो, हे सोंग किती दिवस?" ही म्हणाली.

"बोललो की तो विचारणार, सांग, कपाट कोणी सोडलं. मी खरं ते सांगणार. मला खोटं बोलता येत नाही, तुला माहीत आहे."

"मग?"

"मग तो जाईल ना गं."

ही दादासाठी चहा टाकायला उठली.

पण दार किती दिवस दुरुस्त होणार? एका संध्याकाळी दादाने शेवटचा स्क्रू पिळला, दार लावलं. ते आवाज न करता चौकटीत जाऊन बसलं. कपाटाचा एक पाय जरा डुगडुगत होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, खिडकीत पडलेला योजनेचा तो कोरा कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि पायाखाली सरकवला. कपाट स्थिर झालं. त्या कार्यालयाच्या कुठल्याच कागदाने आजवर एवढं वजन उचललं नसेल.

"झालं," दादा म्हणाला. त्याने हत्यारं एकेक करून पेटीत ठेवली. नेहमी भरभर ठेवायचा, आज पुसून पुसून ठेवत होता. पेटी मिटली. सुतळीचं भेंडोळं करून माझ्या हातात दिलं. त्याचं बोलणंही संपलं होतं, मुद्दे संपले होते. तो उठून उभा राहिला. दारापर्यंत गेला. आता उद्या यायला त्याच्यापाशी काही कारण नव्हतं, आणि त्याला बोलवायला माझ्यापाशीही.

मी कपाटापाशी गेलो. दार उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं, लावलं. चाळीस वर्षं मी लोकांच्या तराजूतला केसाएवढा फरक पकडत आलो. त्या दारात तसूभरही फरक नव्हता.

"दादा," मी म्हणालो, "खालून घासतंय रे अजून."

माझा आवाज ऐकून तो दचकला नाही, काही विचारलंही नाही. पेटी खाली ठेवून परत आला. दार उघडलं, लावलं. कान लावून ऐकलं. बोट फिरवून पाहिलं. नकाशे काढणारा माणूस तो, त्याच्या नजरेतून काय सुटणार?

"खरंच की," तो म्हणाला. "बरंच घासतंय. उद्या रंधा घेऊन येतो, चिमण्या."